पुसायचं की ठेवायचं: 'निअर: ऑटोमाटा'चा शेवट

गेली चौदा वर्षं मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. विंडोज टाकून दे, रॅम वाढव, प्रिंटरचा रोलर बदल, ही रोजची कामं. पण मुरारहून, थाटीपूरहून, कधी दतियाहूनसुद्धा लोक येतात ते एका कामासाठी: गेलेला डेटा परत काढून घ्यायला. लग्नाचे फोटो, जीएसटीचे हिशेब, कुणाचा पीएचडीचा प्रबंध. माणूस काउंटरवर हार्ड डिस्क ठेवतो ना, ती दोन्ही हातांनी ठेवतो. मी ती लावून कान जवळ नेतो, फिरण्याचा आवाज ऐकतो, आणि पुष्कळदा तिथेच कळून चुकतं की जमणार आहे की नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की 'निअर: ऑटोमाटा' हा व्हिडिओ गेम शेवटी तुम्हाला जे विचारतो ते माझ्या धंद्याच्या अगदी उलट आहे. तुमचा सगळा डेटा पुसून टाकू का, असं तो विचारतो. कुणासाठी? ज्याला तुम्ही कधी पाहिलं नाही, पाहणार नाही, अशा माणसासाठी.

शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिताच येणार नाही. ज्यांना हा गेम स्वतः संपवायचा आहे त्यांनी इथेच थांबावं. खेळून या, मग वाचा.

आधी ओळख करून देतो. गेम २०१७ चा. दिग्दर्शक योको तारो, बनवणारे प्लॅटिनमगेम्स, प्रकाशक स्क्वेअर एनिक्स, संगीत केइची ओकाबे यांचं. आधी प्लेस्टेशन ४ आणि कॉम्प्युटरवर आला, २०१८ मध्ये एक्सबॉक्स वनवर आणि २०२२ मध्ये निन्टेन्डो स्विचवर. हजारो वर्षांनंतरची पृथ्वी आहे. परग्रहावरून आलेल्यांनी इथे यंत्रं सोडली आहेत, माणसं चंद्रावर गेली आहेत असं सांगितलं जातं, आणि माणसांच्या वतीने अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखे दिसणारे यंत्रमानव, लढतायत. टूबी नावाची लढणारी, नाइनएस नावाचा टेहळणी करणारा, पुढे एटू नावाची एक पळून गेलेली. सोबतीला हवेत तरंगणारे, कोरड्या आवाजात बोलणारे पॉड. पुढे कळतं की माणसं केव्हाच संपली आहेत. ज्यांच्यासाठी लढाई चाललीय ते कुणी उरलेलेच नाहीत.

लढाई उत्तम आहे. तलवार हातात असते, खांद्याशी पॉड गोळ्या झाडत असतो, आणि मधेच कॅमेरा डोक्यावर जातो किंवा बाजूला येतो आणि गेमचा प्रकारच बदलतो. नकाशा मात्र वाचता येत नाही, वाळवंटात उगीच पायपीट होते, आणि दुसरी फेरी लांबते. पहिली फेरी टूबीची, दुसरी नाइनएसची, आणि या दुसऱ्या फेरीत बराचसा तोच रस्ता पुन्हा चालायचा. माझ्या ओळखीच्या दोघांनी पहिल्या फेरीनंतर नावं वर जाताना पाहिली आणि गेम संपला समजून काढून टाकला. तो तिथे निम्माही झालेला नसतो. शेवट एकूण २६ आहेत, इंग्रजी अक्षरांप्रमाणे 'ए' ते 'झेड'. त्यातले बरेचसे छोटे, गमतीचे आहेत. एक विशिष्ट मासा खाल्लात तरी गेम संपतो. खरे शेवट पाच, आणि मला बोलायचंय ते पाचव्याबद्दल, 'ई'बद्दल.

त्याआधी सेव्हबद्दल सांगायलाच हवं, कारण शेवटची सगळी तयारी तिथे झालेली आहे. या गेममध्ये ऑटोसेव्ह नाही. सुरुवातीलाच तसं स्पष्ट सांगतात. शीतपेयाच्या मशीनसारखं दिसणारं एक यंत्र जागोजागी उभं असतं, त्याच्या आसपास असाल तरच सेव्ह करता येतं. पहिला भाग, तो कारखान्याचा, त्यात तर सेव्ह करायची सोयच नाही. मेलात तर थेट आकाशातून, विमानापासून सुरुवात. म्हणजे पहिल्या तासापासूनच गेम तुमच्या मनावर बिंबवतो की सेव्ह ही फुकट मिळणारी गोष्ट नाही, ती तुम्ही चालत जाऊन, आठवणीने केलेली असते.

मरण्याचंही तसंच. मेलात की नवं शरीर मिळतं, पण अंगातल्या चिप्स जुन्या शरीरापाशी राहतात. त्या परत आणायला जायचं, आणि जाताना पुन्हा मेलात तर त्या कायमच्या गेल्या. रस्त्यात दुसऱ्या खेळाडूंची शरीरंही पडलेली दिसतात, प्रत्येकाशेजारी एखादं वाक्य. त्या शरीरातून काही काढून घेता येतं, किंवा त्याला दुरुस्त करून थोडा वेळ सोबत लढायला घेता येतं. पहिल्यांदा मला ते सजावटीसारखं वाटलं. चाळीसेक तासांनी लक्षात आलं की गेम मला सवय लावत होता, की तुमच्यासारखेच दुसरे कुणी या वाटेने गेले आहेत आणि इथेच पडले आहेत.

आता जरा दुसऱ्या गेम्सकडे जातो. बलिदानाचे शेवट मी पुष्कळ खेळलो आहे, आणि 'ई' इतका वेगळा का वाटला ते त्यांच्याशेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही.

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स', २००९ चा. शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री, रेडक्लिफच्या किल्ल्यात, रिऑर्डन नावाचा जुना ग्रे वॉर्डन, म्हणजे तुमच्याच पंथातला योद्धा, खरी गोष्ट सांगतो. आर्चडीमन, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, मेला की त्याचा आत्मा जवळच्या दूषित देहात शिरतो. तो देह ग्रे वॉर्डनचा असेल तर दोघंही संपतात. म्हणून त्याला मारायचं ते वॉर्डननेच, आणि जो मारेल तो मरेल. बसून ऐकताना माझ्या पोटात गोळा आला होता. मग तुम्ही आपल्या खोलीत जाता तर मॉरिगन ही सोबतची जादूगारीण वाट पाहत असते, तिच्याकडे एक विधी आहे, तो केलात तर कुणीच मरत नाही. मी तो केला. सगळे वाचले. मग आधीचा सेव्ह लोड केला, स्वतः मेलो, अंत्यविधी पाहिला. मग पुन्हा लोड केला आणि सोबतच्या दुसऱ्या वॉर्डनला, अ‍ॅलिस्टरला पुढे केलं. तिन्ही शेवट एका दुपारी, मे महिन्यात, कूलरसमोर. तो गेम मला आजही फार आवडतो, त्यातली माणसं घरातली वाटतात. पण त्या दुपारी माझं स्वतःचं काही गेलं का? काहीच नाही. संध्याकाळी सहा वाजता माझ्याकडे तिन्ही शेवट होते आणि सेव्हही शाबूत होता.

'फॉलआउट ३'चा किस्सा तर शिकण्यासारखा आहे. २००८ चा मूळ गेम. वॉशिंग्टनमध्ये जेफरसन स्मारकात पाणी शुद्ध करणारं यंत्र, ते चालू करायला किरणोत्साराने भरलेल्या खोलीत जायचं आणि कोड दाबायचा, २१६. आत जाईल तो मरणार. तुमचे वडील त्याच यंत्रापायी, त्याच जागी गेलेले. आणि तुमच्या शेजारी फॉक्स उभा असू शकतो. फॉक्स म्हणजे सुपर म्युटंट, ज्याला किरणोत्साराने काही होत नाही. थोड्या वेळापूर्वी त्याने तुमच्यासाठी तशाच एका खोलीत जाऊन एक वस्तू आणून दिलेली असते. त्याला म्हटलं की बाबा, तू जा, तर तो नाही म्हणतो. हे तुझं नशीब आहे, ते मी हिरावणार नाही, अशा अर्थाचं काही बोलतो. तुम्ही सोबतच्या सारा लायन्सला पाठवलंत, तर शेवटी निवेदक तुम्हाला ऐकवतो की खरा वीर दुसराच होता. खेळाडू चिडले ते बरोबरच होतं. पुढच्या वर्षी 'ब्रोकन स्टील' नावाची भर आली, तिच्यात फॉक्सला पाठवता येतं, आणि तुम्ही स्वतः आत गेलात तरी नंतर शुद्धीवर येता. आधी पर्याय असून नाकारलेला, मग मरण देऊन परत घेतलेलं. मला यातलं जास्त कोणतं खटकतं, तर निवेदकाचं बोलणं. नाही म्हणणाऱ्याला शरम वाटायला लावायची असेल, तर विचारायचंच कशाला?

'बाल्डर्स गेट ३', २०२३. तिथे कुणीतरी माइंड फ्लेअर व्हायचं असतं, म्हणजे स्वतःचं माणूसपण सोडायचं. कार्लाख नावाची सोबतीण स्वतःहून पुढे येते, कारण तिच्या छातीतलं इंजिन तसंही तिला जाळून टाकणार आहे. मी तिचं ऐकलं आणि दोन दिवस गेम उघडला नाही. हा शेवट प्रामाणिक आहे. तरी लोड करायचं बटण तिथेही आहेच.

आता 'ई'.

'सी' आणि 'डी' दोन्ही पाहावे लागतात. एटू आणि नाइनएस समोरासमोर उभे, कुणाच्या बाजूने लढायचं ते तुम्ही ठरवायचं. दोन्ही बाजूंनी खेळून झालं की नावं वर सरकू लागतात, आणि पॉड वरचा हुकूम ऐकेनासे होतात. हुकूम असतो की या अँड्रॉइडचा डेटा पुसून टाका. पॉड म्हणतात, नाही पुसणार. आणि तुमच्या हातात एक छोटं बाणासारखं विमान येतं. वरून येणारी नावं, म्हणजे गेम बनवणाऱ्या माणसांची खरी नावं, तुमच्यावर गोळ्या झाडू लागतात. त्यांना पाडत पुढे जायचं.

तुम्ही मरता. पडदा विचारतो, हार मानता का? नाही. पुन्हा. पुन्हा मरता. हे सगळं व्यर्थ आहे का, असं विचारतो. नाही. मी किती वेळा मेलो ते मोजलं नाही, पण बोटं दुखायला लागली होती. मधे मधे पडद्यावर ओळी दिसू लागतात, जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांनी लिहिलेल्या, धीर सोडू नकोस अशा अर्थाच्या. आणि मग एकदा एक वाक्य येतं की मदत देऊ केली गेली आहे, स्वीकारणार का?

हो म्हटलं की तुमच्या विमानाभोवती आणखी विमानं येतात. गोल करून फिरतात, तुमच्यासोबत गोळ्या झाडतात. गाण्यात एकटा आवाज होता तो आता समूहाचा होतो. शत्रूची गोळी आली की ती त्यांच्यातल्या एकाला लागते, तुम्हाला लागत नाही. आणि पडद्याच्या कडेला लिहून येतं की अमक्याचा डेटा गेला. एक गोळी, एक नाव. जागा रिकामी होते आणि लगेच दुसरं कुणी ती भरतं.

पहिल्यांदा मला अर्थ लागला नाही. पार पोचलो, आणि मग पॉडने विचारलं की तुम्हालाही कुणाला अशी मदत करायची आहे का? करायची असेल तर तुमचा सगळा सेव्ह डेटा द्यावा लागेल. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं की आत्ता जी नावं गेली, ती याच प्रश्नाला हो म्हणालेली माणसं होती.

पॉड घाई करत नाही. पुन्हा विचारतो. तुम्ही मिळवलेलं सगळं जाईल, चालेल? ज्याला मदत होईल तो तुम्हाला मुळीच न आवडणारा माणूसही असू शकतो, चालेल? कुणी आभार मानणार नाही, चालेल? दरवेळी हो किंवा नाही. शेवटचं हो म्हटलंत की मेनूची पानं तुमच्यासमोर एकामागून एक उघडतात आणि रिकामी होत जातात. सामान. शस्त्रं. चिप्स. तुम्ही कौतुकाने भरलेले रकाने.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

मी हे पहिल्यांदा २०१९ मध्ये केलं. ६१ तास झाले होते. एकेक शस्त्र लोहाराकडे नेऊन वाढवलं होतं, मासे धरले होते, यंत्रांच्या गावातल्या पोरांची बारीकसारीक कामं केली होती. आणि शेवटची लढाई सुरू करायच्या आधी, हाताला सवयच आहे म्हणून, मी डॉक्युमेंट्समधला गेमचा फोल्डर उघडून सगळा सेव्ह एका सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवला होता. मला पुढे काय येणार ते ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांना मी रोज तेच सांगतो: तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. त्यातली निदान एक केली.

मग प्रश्न आला आणि मी हो म्हटलं. मेनू रिकामा होताना पाहिला, गळा दाटून आला, तेही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानातून आलो, पेनड्राइव्ह लावला, फोल्डर जागच्या जागी टाकला. सगळं परत. ६१ तास, सगळी शस्त्रं, सगळे मासे.

कित्येक महिने मला यात काही वावगं वाटलं नाही. मग वाटू लागलं. कारण पाहा, माझं नाव त्या विमानांच्या गोलात कुणाच्या तरी स्क्रीनवर येत असणार. गोळी लागत असणार. आणि कडेला लिहून येत असणार की याचा डेटा गेला. तो कुठे गेलाय? तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. कुठल्या देशात कुणी मुलगा रात्री दोन वाजता ते वाचून क्षणभर थांबत असेल, जसा मी थांबलो होतो, आणि त्याला माझ्या नावाने खोटं सांगितलं जातंय.

ग्वाल्हेरचा माणूस बलिदान हा शब्द लहानपणापासून ऐकतो. झाशीची राणी १८५८ च्या जूनमध्ये इथेच पडली, फूलबागेत तिची समाधी आहे, दरवर्षी जूनमध्ये तिथे बलिदान मेळा भरतो. आमचे बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. राणीची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण इथे तिला जोडून आणखी एक सांगतात. गंगादासबाबांच्या शाळेतल्या, म्हणजे मठातल्या, साधूंची. राणीचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून ते लढले, चिता पेटेपर्यंत त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही, आणि ७४५ साधू त्यात गेले. त्या शाळेत जुनी शस्त्रं अजून ठेवलेली आहेत, मी पाहिली आहेत. राणीचं नाव माझ्या पुस्तकात होतं. त्या ७४५ जणांतलं एकही नाव मला कुणी कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मेळ्याच्या गर्दीत बाबांचं बोट धरून उभं असताना मला राणीचा घोडा डोळ्यांसमोर यायचा. आता फूलबागेवरून जाताना माणसांचं ते कडं डोळ्यांसमोर येतं. एक पडला की त्याच्या जागी दुसरा.

खेळातल्या एका बटणाची या माणसांशी बरोबरी मी करत नाही. पण खणातला पेनड्राइव्ह मला टोचू लागला तो या कड्यामुळे, हे खरं आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात दुकानात एक काका आले. संगीत शिकवून निवृत्त झालेले. हातात पाचशे जीबीची जुनी डिस्क, टेबलावरून पडलेली. त्यात त्यांच्या गुरुजींच्या घरच्या बैठकींची रेकॉर्डिंग्ज होती, कॅसेटवरून उतरवून घेतलेली, आणि कॅसेट नंतर फेकून दिलेल्या. मी डिस्क लावली. टक्. मग थोडं थांबून टक्. दर सेकंदाला तोच आवाज. आतला हेड जागेवर जाऊ पाहतो, वाचता येत नाही, मागे येतो, पुन्हा जातो, आणि जाताना चकतीवर ओरखडा काढतो. मी लगेच वीज काढली. दिल्लीला पाठवता येईल, धूळमुक्त खोलीत उघडतील, खर्च मोठा येईल आणि खात्री कुणी देणार नाही, असं सांगितलं. काकांनी डिस्क रुमालात गुंडाळली आणि विचारलं, "म्हणजे यातलं काहीच नाही?" मी म्हटलं, "काका, आहे. पण पोचता येत नाही." ते पुन्हा आले नाहीत.

त्या रात्री मी गेम पुन्हा टाकला.

पेनड्राइव्हवरचा सेव्ह शेवटच्या लढाईच्या अलीकडचा होता. दोन रात्री खेळलो. एटूच्या बाजूने, मग नाइनएसच्या. नावं वर येऊ लागली, मी मेलो, हार मानत नाही म्हटलं, मेलो, मदत घेतली. या वेळी कडेची नावं वाचली, शक्य तितकी सगळी. प्रश्न आला. तेवढ्यात बारावीतला भाचा खोलीत आला, सुट्टीत आमच्याकडे राहिला होता.

"मामा, हे काय करून राहिलास?"

"पुसतोय."

"सगळं? तूच तर सगळ्यांना सांगतोस, तीन कॉप्या ठेवा."

मी हो दाबलं. पानं रिकामी झाली. माझी आता एसएसडी आहे, आणि एसएसडीची गोष्ट निराळी. जुन्या हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली तर फक्त तिची नोंद जाते, मजकूर तिथेच पडून असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. माझा निम्मा धंदा त्यावर चालतो. एसएसडीवर ट्रिम चालू असेल तर विंडोज त्या जागा मोकळ्या झाल्याचं डिस्कला कळवतं आणि डिस्क त्या खरोखरच साफ करते. मग माझ्यासारख्याला काढायला काही उरत नाही.

राहिला पेनड्राइव्ह. त्याला फॉरमॅट लावला, आणि 'क्विक'वरची खूण काढली. क्विक फॉरमॅटने फक्त नोंदी जातात. पूर्ण फॉरमॅट प्रत्येक जागेवर शून्य लिहीत जातो. जुना पेनड्राइव्ह, हळू चालणारा. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. भाचा शेजारी बसला. मधे वीज गेली, इन्व्हर्टरवर पंखा मंद झाला, पट्टी सरकतच राहिली. चाळीस मिनिटं लागली असतील. त्या चाळीस मिनिटांत केव्हाही तो पेनड्राइव्ह ओढून काढता आला असता.

मला या गेमबद्दल जे म्हणायचंय ते याच ठिकाणचं आहे. माझ्याकडे पेनड्राइव्ह आहे की नाही हे त्याला कधीच कळणार नव्हतं, आणि त्याने ते तपासलंही नसतं. त्याने प्रश्न विचारला आणि उत्तर माझ्यावर सोडलं. ड्रॅगन एजमध्ये मरतो तो माझा वॉर्डन. इथे जातात ते माझे तास, माझ्या टेबलावरचे, माझ्या रात्रीचे. आणि मिळतं काय? एक वाक्य पाठवता येतं, गेमनेच दिलेल्या शब्दांतून जुळवलेलं. ते कुणाला पोचलं, त्याचं काय झालं, काही कळत नाही.

नाही म्हटलं तर? काही होत नाही. सेव्ह तसाच राहतो, कुणी बोल लावत नाही, कुठला निवेदक खरा वीर दुसराच होता असं ऐकवत नाही. ही बाजू माझ्या मते हो म्हणण्याइतकीच मोठी आहे, आणि ती मला भाच्यामुळे दिसली. त्याने माझं पाहून गेम घेतला, दिवाळीच्या सुट्टीत संपवत आणला. शेवटी तोही मेला, पुन्हा पुन्हा मेला, मदत घेतली, विमानं आली तेव्हा त्याने हेडफोन काढून मला हाक मारली. आम्ही दोघांनी मिळून कडेची नावं वाचली. प्रश्न आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मामा, काय करू?"

"तुझं आहे. तू ठरव."

त्याने बराच वेळ विचार केला. मग नाही दाबलं. "अजून दोन शस्त्रं राहिलीत," म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "आणि मला हे जपून ठेवायचंय." मी म्हटलं, बरोबर आहे. मनापासून म्हटलं. ज्याला ठेवावंसं वाटतं त्याला ठेवता यायला हवं. दिलेल्याला मोल येतं ते त्यामुळेच. त्याच्या सेव्हच्या दोन कॉप्या मीच काढून दिल्या, एक त्याच्या लॅपटॉपवर, एक माझ्या डिस्कवर.

घ्यायचा का, तर जरूर घ्या. सेलमध्ये घेतलात तर बरंच स्वस्तात पडेल. फार भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही, माझ्या जुन्या १०५० टीआयवर नीट चालला. कंट्रोलर असेल तर उत्तम, कीबोर्डवर त्या विमानाच्या भागात बोटांचे हाल होतात. दुसऱ्या फेरीत कंटाळा येईल, सोडू नका. नेट चालू ठेवून खेळा, नाहीतर दुसऱ्यांची शरीरं आणि त्यांच्या ओळी दिसणार नाहीत आणि शेवटाचा अर्धा जीव जाईल. आणि शेवटच्या लढाईआधी सेव्ह कॉपी करून ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. दुकानात विचाराल तर मी ठेवा म्हणेन, ते माझं कामच आहे.

मी आता पुन्हा पहिल्यापासून खेळतोय. अंगात चिपा नाहीत, हातात साधी तलवार, आणि कारखान्यात सेव्ह नाही. काल रात्री त्या मोठ्या करवतीच्या हातापाशी मेलो. पडदा काळा झाला, आणि पुन्हा आकाश, पुन्हा विमान.